कॅटेक्युमेन : संथा घेणारा माणूस

बाप्तिस्मा घ्यायचा ठरला आहे, शिकवणूक सुरू आहे, पण विधी अजून व्हायचा आहे. अशा माणसाला ख्रिस्ती परंपरेत ‘कॅटेक्युमेन’ म्हणतात. बाप्तिस्मा, पाळक, उपासना हे शब्द मिरज-सांगलीकडे बहुतेकांच्या कानावरून गेलेले असतात. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ साली रुग्णालय उभारले, तेव्हापासूनची ही ओळख. हा शब्द मात्र चर्चबाहेर फारसा आला नाही. मराठीत त्याला ‘दीक्षार्थी’ म्हणतात. चुकीचे नाही, पण मूळ अर्थातली गोडी त्यात उतरत नाही.

मूळ शब्द ग्रीक. ‘काता’ म्हणजे खाली आणि ‘एखेइन’ म्हणजे घुमणे, निनादणे. प्रतिध्वनीला इंग्रजीत ‘एको’ म्हणतात तो याच कुळातला. वरून उच्चारलेला शब्द खाली ऐकणाऱ्यापर्यंत पोचवणे, त्यावरून तोंडी शिकवणे असा अर्थ रूढ झाला. बायबलमध्ये प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात वचनाचे शिक्षण घेणाऱ्यासाठी हाच शब्द येतो.

वाईच्या पाठशाळांची परंपरा ठाऊक असलेल्याला हे समजावून सांगावे लागू नये. गुरूने म्हणायचे, शिष्याने मागून म्हणायचे, ही आपली संथा. आरंभीच्या चर्चमध्येही असेच होते. विश्वासाचा अंगीकार, म्हणजे श्रद्धेचे सूत्र, उमेदवाराला तोंडी देत. ते कागदावर उतरवू नये, मनात कोरावे, अशी ताकीद असे. पुढे ठरलेल्या दिवशी त्याने ते सर्वांसमोर म्हणून दाखवायचे. लॅटिनमध्ये अशा शिकाऊंना ‘ऐकणारे’ असेही नाव होते. म्हणून मला ‘श्रवणार्थी’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो.

ही तयारी थोडीथोडकी नव्हती. रोमच्या हिप्पोलिटसच्या नावावर असलेल्या जुन्या नियमांत तीन वर्षे सांगितली आहेत. मात्र वेळेपेक्षा वागणूक पाहावी, असेही त्यांत म्हटले आहे. उपासनेत वाचन आणि प्रवचन झाले की श्रवणार्थींना निरोप देत; प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, फक्त बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. जेरुसलेमच्या सिरिलने इ.स. ३५०च्या सुमारास अशा उमेदवारांना दिलेली प्रवचने आजही वाचायला मिळतात.

काही जण वर्षानुवर्षे उंबरठ्यावरच राहत. पुढे संत आणि ख्रिस्ती विचारवंत म्हणून गाजलेल्या ऑगस्टिनची श्रवणार्थी म्हणून नोंद लहानपणीच झाली होती, बाप्तिस्मा मिळाला ३८७ साली, बत्तिसाव्या वर्षी. तो देणारे मिलानचे बिशप अँब्रोज स्वतः ३७४ साली बिशप म्हणून निवडले गेले तेव्हा श्रवणार्थीच होते! त्यांना आधी घाईने बाप्तिस्मा द्यावा लागला.

पुढे तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा सर्वत्र रूढ झाला आणि ही दीर्घ तयारी मागे पडली. रोमन कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) ती प्रौढांसाठी पुन्हा सुरू करायचे ठरवले, आणि १९७२ साली रोमन कॅथलिक चर्चने तिचा नवा विधी प्रसिद्ध केला. त्यात टप्पे पुन्हा आले, आणि श्रद्धेचे सूत्र ऐकून घेऊन परत म्हणून दाखवणेही.