न्यायवृंद पद्धत

भारतातील सर्वोच्च व उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांची निवड ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाने करण्याची पद्धत. संविधानात तिचा उल्लेख नाही. ती न्यायालयीन निकालांतून उभी राहिली. अनुच्छेद १२४ व २१७ नुसार राष्ट्रपती सरन्यायाधीशांशी विचारविनिमय करून नियुक्त्या करतात. मात्र राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागत असल्यामुळे, मतभेद झाल्यास कोणाचे मत ग्राह्य धरायचे, हा वाद कायम राहिला. सरन्यायाधीशांची संमती अनिवार्य करावी, ही सूचना डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत अमान्य केली होती. सरन्यायाधीशही अखेर माणूसच असल्याने त्यांना नकाराधिकार देणे त्यांना धोक्याचे वाटत होते.

या वादाला धार आली ती १९७३ मध्ये. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणारा केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागताच सरकारने शेलट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश केले, आणि डावललेल्या तिघांनीही राजीनामे दिले. आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते का, या प्रश्नावरील जबलपूर प्रकरणात एकट्याने विरोधी निकाल देणारे न्या. ह. रा. खन्ना यांनाही १९७७ मध्ये हेच भोगावे लागले. तरीही १९८१ च्या एस. पी. गुप्ता खटल्यात न्यायालयाने सरकारचेच प्राधान्य मान्य केले. ते १९९३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने उलटवले आणि १९९८ मध्ये सरन्यायाधीश व चार ज्येष्ठतम न्यायाधीश ही न्यायवृंदाची रचना निश्चित झाली.

संसदेने ९९ व्या घटनादुरुस्तीने सहा सदस्यांचा राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग स्थापला. कोणत्याही दोन सदस्यांना शिफारस रोखता येईल, ही त्यातील तरतूद विशेष वादग्रस्त ठरली. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी न्यायालयाने ही दुरुस्ती चार विरुद्ध एक मतांनी रद्द केली. न्यायाधीशांनीच न्यायाधीश नेमावेत आणि त्याची कारणे बंद दाराआड राहावीत, या आक्षेपाला मात्र निकालाने समाधानकारक उत्तर दिले असे म्हणता येत नाही, न्या. चेलमेश्वर यांनी भिन्नमत निकालपत्रात त्यावरच बोट ठेवले होते.

न्यायवृंदाने फेरशिफारस केलेले नाव सरकारवर बंधनकारक मानले जाते, परंतु नावे अडवून ठेवण्याचा मार्ग सरकारला प्रत्यक्षात मोकळा राहतो. उत्तराखंडातील राष्ट्रपती राजवट २०१६ मध्ये रद्द ठरवणाऱ्या पीठाचे प्रमुख न्या. के. एम. जोसेफ यांचे नाव जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवले गेले. सरकारने ज्येष्ठता व प्रादेशिक प्रतिनिधित्वाचे कारण देऊन ते परत पाठवले आणि नियुक्ती ऑगस्टपर्यंत लांबली. दरम्यान त्यांच्यासोबत शिफारस झालेल्या इंदू मल्होत्रा एप्रिलमध्येच रुजू होऊन सेवाज्येष्ठतेत त्यांच्या पुढे गेल्या होत्या.