घोरण्यावरचे उपाय: पाठीवरच्या चेंडूपासून हवेच्या दाबापर्यंत

घोरणारा माणूस ढाराढूर झोपलाय, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. ही समजूत फक्त आपलीच नाही. जगभर घोरण्याला गाढ झोपेचं लक्षण समजलं गेलं आणि त्रास काय तो शेजारी झोपणाऱ्याला, असंच धरलं गेलं. त्यामुळे उपायही बराच काळ आवाजापुरतेच राहिले. हनुवटी वर बांधणारे पट्टे, ओठ मिटवून ठेवणाऱ्या पट्ट्या, उताणं होताच पाठीला टोचणाऱ्या वस्तू. अमेरिकेत अशा साधनांची शेकडो पेटंटं नोंदली गेली. घोरणाऱ्याच्या घशात आणि रक्तातल्या ऑक्सिजनचं काय होतं, याचा शोध मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लागला. आजही औषधाच्या दुकानात आणि ऑनलाइन बाजारात या दोन्ही काळांतले उपाय शेजारी शेजारी मांडलेले असतात. म्हणून कोणता उपाय कुठून आला, हे माहीत असलेलं बरं.

आवाज येतो तो घशाच्या मऊ भागातून: मऊ टाळू, पडजीभ, जिभेचं मूळ आणि घशाच्या बाजूच्या भिंती. या भागाला हाडाचा आधार नाही. जागेपणी स्नायू तो ताणून उघडा ठेवतात, झोपेत ते सैल पडतात. वाट अरुंद झाली की हवेचा वेग वाढतो, आतला दाब घटतो आणि भिंती आत ओढल्या जातात. शहाळ्यातली कागदी नळी भिजून मऊ पडल्यावर जोरात ओढलं की चपटी होते, तसंच हे. भिंती नुसत्या थरथरल्या तर घोरणं. पूर्ण चिकटल्या तर श्वास बंद, आणि त्या वेळी आवाजही बंद. मोठ्या आवाजात घोरताना मध्येच शांतता आणि मग दचकून घेतलेला श्वास, हा क्रम घरच्यांनी नेमका लक्षात ठेवावा. डॉक्टरांना तो सांगितला, तर रोगाच्या नावाकडे जाणारा निम्मा रस्ता तिथेच संपतो.

हे कळायला मात्र वाकडा रस्ता घ्यावा लागला. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या बरवेल आणि सहकाऱ्यांनी एका अतिलठ्ठ व्यावसायिकाची नोंद छापली. हा गृहस्थ पत्ते खेळताना हातात तीन एक्के आणि दोन राजे असूनही बसल्या जागी झोपी गेला आणि जिंकणारा डाव गमावून बसला. त्यानंतर तो दवाखान्यात आला. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये सतत डुलक्या घेणारा एक जाडा मुलगा आहे, त्यावरून या आजाराला ‘पिकविकियन सिंड्रोम’ हे नाव पडलं. त्या डॉक्टरांनी पेंगुळण्याचं कारण रक्तात साठणारा कार्बन डायऑक्साइड हे मानलं. रात्रीच्या झोपेकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. १९६५ मध्ये फ्रान्समध्ये गास्तो आणि सहकाऱ्यांनी, आणि जर्मनीत युंग व कूलो यांनी अशा रुग्णांची रात्रभराची श्वासाची आणि मेंदूची नोंद घेतली. तेव्हा दिसलं की श्वास शेकडो वेळा अडतो आणि दर वेळी मेंदू क्षणभर जागा होऊन तो सोडवतो. या रुग्णांना सलग झोप मिळतच नव्हती. १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या गिलमिनो यांनी ‘स्लीप एप्निया सिंड्रोम’ हे नाव रूढ केलं. श्वास किमान १० सेकंद थांबला तर तो एक ‘एप्निया’. पूर्ण थांबलेले आणि अर्धवट अडलेले श्वास मिळून तासाला ५ ते १५ वेळा असं झालं तर सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र, ही मोजणी आजच्या प्रत्येक स्लीप स्टडीच्या, म्हणजे झोपेतल्या श्वासाच्या तपासणीच्या, अहवालात असते.

रोग कळला, पण पहिला खात्रीचा उपाय भयंकर होता. १९६९ मध्ये कूलो यांनी गळ्याला खालून छिद्र पाडून नळी बसवली. अडथळ्याच्या खालूनच हवा आत जात असल्यामुळे घोरणं आणि श्वास अडणं दोन्ही थांबलं. पुढची दहा-बारा वर्षं तीव्र आजारात एवढाच एक भरवशाचा मार्ग होता. साहजिकच लोक तो नाकारत.

दुसरीकडे जपानमध्ये इकेमात्सु यांनी नुसत्या घोरण्यासाठी टाळू आणि पडजिभेचा जादा भाग कापण्याची पद्धत १९६४ मध्ये मांडली. तीच कल्पना घेऊन डेट्रॉइटच्या फुजिता यांनी १९८१ मध्ये स्लीप एप्नियासाठी ‘यूपीपीपी’ ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ती झपाट्याने पसरली आणि पुढे निकाल पाहिले तर निम्म्याहून कमी रुग्णांचा एप्निया पुरेसा उतरला होता. कारण सरळ आहे: अडथळा जिभेच्या मुळाशी असेल, तर टाळू कापून काय होणार? शिवाय घसा कोरडा पडणं, गिळताना पाणी नाकात जाणं, हे मागे लागू शकतं. १९९० मध्ये पॅरिसच्या कामामी यांनी लेझरने हेच काम दवाखान्यातल्या खुर्चीवर करून दाखवलं. त्यातला खरा धोका वेगळाच आहे. टाळू आक्रसून आवाज कमी होतो, घरचे समाधानी होतात आणि श्वास मात्र अडतच राहतो. म्हणून स्लीप स्टडी न करता नुसत्या आवाजासाठी टाळूवर लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सी (विद्युतलहरींनी टाळू तापवून आक्रसवणं) करून घेऊ नये. १९९१ पासून औषधाने झोपवून, दुर्बिणीने अडथळ्याची जागा पाहण्याची पद्धत आली. कुठलीही शस्त्रक्रिया ठरवण्याआधी ही तपासणी मागून घ्यावी. लहान मुलांचं गणित निराळं आहे. तिथे बहुधा टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेले असतात आणि ते काढणं हाच पहिला उपाय ठरतो.

याच १९८१ सालच्या एप्रिलमध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हान यांचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. गळ्याला छिद्र पाडायला तयार नसलेल्या एका रुग्णावर त्यांनी जून १९८० मध्ये प्रयोग केला होता. नाकावर घट्ट बसणारा मास्क आणि व्हॅक्यूम क्लीनरसारखी हवा फेकणारी मोटर, एवढंच साधन. दाब हळूहळू वाढवत नेला आणि एका टप्प्यावर घोरणं व श्वास अडणं एकदम थांबलं. दाब कमी केला की ते परत सुरू. काही तासांसाठी ठरवलेला प्रयोग रात्रभर चालला, कारण तो माणूस गाढ झोपला होता. लेखात पाच रुग्ण होते आणि त्यांना लागलेला दाब पाण्याच्या ४.५ ते १० सेंटिमीटर स्तंभाइतका होता. हाच ‘सीपॅप’, म्हणजे सतत दाबाने हवा देणारं यंत्र. हवा घशात फुग्यासारखी आतून आधार देते. अडथळा टाळूशी असो की जिभेशी, वाट उघडी राहते, म्हणून तीव्र आजारात आजही पहिली पसंती हीच. सुरुवातीला मास्क प्रत्येकाच्या नाकाच्या साच्यावर बनवून रोज रात्री सिलिकॉनने चिकटवावा लागे. पुढे कारखान्यात तयार होणारे मास्क आणि शांत मशीन आले.

सीपॅप सोडून दिला जातो तो बहुधा मास्कमुळे. हवा डोळ्यांकडे गळत असेल तर लोक पट्टा आणखी आवळतात, त्याने मास्कची मऊ कड दुमडते आणि गळती वाढते. पट्टा सैल करून, मशीन चालू ठेवून, झोपलेल्या स्थितीतच मास्क पुन्हा बसवावा. सकाळी तोंड कोरडं पडत असेल तर तोंडावाटे हवा जाते आहे. आधी नाक चोंदण्यावर इलाज करावा, मग पूर्ण चेहऱ्याचा मास्क. हवेला ओलावा देणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घालावं, बोअरच्या पाण्याने तळाशी क्षार धरतो. आपल्याकडच्या धुळीत फिल्टर दर आठवड्याला पाहावा. ओझोन सोडणारी सफाईची यंत्रं वापरू नयेत. २०२१ मध्ये फिलिप्सने लाखो मशीन परत मागवली, तेव्हा आतला आवाज शोषणारा फोम झिजण्याची कारणं शोधताना ओझोनचाही उल्लेख झाला होता.

जुन्या उपायांपैकी पाठीवरचा चेंडू मात्र अगदीच टाकाऊ ठरला नाही. उताणं झोपल्यावर जीभ आणि टाळू वजनानेच मागे येतात. शिकागोच्या रोझलिंड कार्टराइट यांनी १९८४ मध्ये दाखवलं की अनेकांचा एप्निया उताण्या स्थितीत कुशीपेक्षा दुप्पट किंवा जास्त असतो. अशांना टेनिसचा चेंडू शर्टाच्या पाठीवर खिसा शिवून, दोन खांद्यांच्या फळ्यांच्या मध्ये ठेवणं फायद्याचं ठरतं. अडचण चिकाटीची आहे. ऑस्ट्रेलियात केलेल्या पाहणीत काही वर्षांनी हा उपाय चालू ठेवणारे दहा टक्क्यांहूनही कमी निघाले. टोचण्यामुळे होणारा त्रास, हे त्याचं मुख्य कारण. चेंडूऐवजी पाठीवर फोमची जाड पट्टी बांधली तर हा उपाय जास्त काळ सोसवतो. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणं हाही याच जातीचा उपाय. त्यासाठी पलंगाच्या त्या बाजूच्या पायांखाली ठोकळे हवेत. नुसत्या दोन उशा लावल्या तर मान पुढे वाकून वाट आणखी अरुंद होते.

जबडा पुढे ओढणारी उपकरणं फ्रान्सच्या पिएर रोबाँ यांच्यापर्यंत मागे जातात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते लहान जबड्याच्या मुलांसाठी ती वापरत. आज दातांचे डॉक्टर माप घेऊन दातांवर बसणाऱ्या दोन पाळ्या (साचे) बनवतात आणि खालचा जबडा जास्तीत जास्त जितका पुढे येतो, त्याच्या साधारण निम्म्यावर सुरुवात करून, आठवड्या-आठवड्याने थोडा थोडा पुढे सरकवतात. प्रत्येक जबड्यात आठ-दहा घट्ट दात हवेत. उकळत्या पाण्यात मऊ करून चावायच्या तयार पाळ्या स्वस्त असतात, पण त्यांत जबडा मोजून सरकवता येत नाही. नुसतं घोरणं आणि सौम्य-मध्यम एप्निया यांत बेतून घेतलेलं उपकरण चांगलं चालतं. वर्षानुवर्षं वापरल्यावर चावा थोडा बदलतो, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

स्नायूच सैल पडतात तर त्यांना व्यायाम का देऊ नये? हा विचार उशिरा आला. २००६ मध्ये झुरिकच्या पथकाने मध्यम एप्निया असलेल्या २५ जणांपैकी १४ जणांना ऑस्ट्रेलियन आदिवासींचं डिजरिडू हे लांब नळीचं वाद्य चार महिने वाजवायला दिलं आणि दिवसाचं पेंगणं खरोखर कमी झालं. त्यानंतर ब्राझीलच्या साओ पाउलोत जीभ आणि टाळूचे व्यायाम ठरवले गेले. जिभेचं टोक टाळूला लावून मागे घसरवणं २० वेळा, पूर्ण जीभ टाळूला चोखून धरणं २० वेळा, टोक खालच्या दातांना लावून जिभेचा मागचा भाग खाली दाबणं २० वेळा, ‘आ’ म्हणत पडजीभ वर उचलणं २० वेळा, आणि गालाच्या आतून बोट बाहेर ओढत गालाने ते आत दाबणं, दोन्ही बाजूंना १० वेळा. हा संच दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी आठ मिनिटं. २०१५ च्या त्यांच्या अभ्यासात तीन महिन्यांत घोरण्याची वारंवारता सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली. हा उपाय फुकटचा आहे, पण त्याला रोजची शिस्त लागते. तीव्र एप्नियात मात्र एवढ्यावर थांबू नये.

नाकावरच्या पट्ट्या १९९३ पासून बाजारात आहेत. त्या नाकपुडीचा पुढचा भाग रुंद करतात. घरोघरी सांगितलं जाणारं नाकात तुपाचे दोन थेंब कोरडेपणाला बरे, पण घशाची भिंत दोन्हींपैकी कशानेच ताठ होत नाही. झोपेच्या गोळ्या आणि झोपण्याआधी तीन-चार तासांत घेतलेलं मद्य हे स्नायू आणखी सैल करतात. त्यातलं मद्य बंद केल्याचा फरक त्याच रात्री दिसतो.

हा आजार पाश्चात्यांचा, असं आपल्याकडे मानलं जाई. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची तपासणी करून २००४ मध्ये निकाल छापले. झोपेतले श्वासाचे बिघाड १९.५ टक्क्यांत, आणि दिवसाच्या पेंगण्यासह एप्निया ७.५ टक्क्यांत सापडला. मानेचा घेर आणि वजन ही मोठी कारणं. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या पाहणीत (२०००) वजन १० टक्के घटलं की तासाला अडणारे श्वास सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाले, आणि १० टक्के वाढलं की ३२ टक्क्यांनी वाढले. सीपॅप सोसत नसलेल्या निवडक रुग्णांसाठी २०१४ मध्ये अमेरिकेत जिभेच्या नसेला झोपेत विजेचा हलका झटका देणारं, छातीत बसवायचं उपकरण मंजूर झालं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्याच एफडीए या औषध नियामक संस्थेने टिर्झेपेटाइड हे वजन उतरवणारं इंजेक्शन लठ्ठपणासह मध्यम-तीव्र एप्नियासाठी मंजूर केलं. वजन बरंच उतरलं की सीपॅपचा जुना दाब जास्त ठरतो, पोटात हवा भरते, मास्क गळू लागतो. अशा वेळी मशीन आपल्या मनाने बंद न करता स्लीप स्टडी पुन्हा करून दाब नव्याने ठरवून घ्यावा.