पेटीचे दबके सूर

पेटीचे दबके सूर : हार्मोनियममधील जे सूर शेजारच्या सुरांच्या मानाने बारीक, घोगरे किंवा उशिरा बोलतात ते. कोकणात वाडीवाडीतल्या भजनी मंडळांच्या पेट्या ऐन पावसाळ्यातल्या सप्ताहांत आणि गणपतीत राबतात, त्यामुळे ही तक्रार तेथे नेहमीची.

पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. मुक्त जिभेचे, म्हणजे एका टोकाला बांधलेली पातळ जीभ वाऱ्याने थरथरून सूर देते हे तत्त्व मात्र त्याहून फार जुने आहे. चीनच्या शंग या वाद्यावरून ते यूरोपात गेले, असे एक मत. कोपनहेगनच्या क्राट्‌झेनश्टाइन याने १७८० च्या सुमारास स्वरोच्चाराच्या यंत्रासाठी ते स्वतंत्रपणे योजले, असे दुसरे. थेट दुवा दाखवता येत नसल्याने दुसरे मत डावलणे कठीण. हातपेटीचे श्रेय सामान्यतः कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांना देतात. वर्ष मात्र कोणी १८७५ सांगतो, कोणी १८८० नंतरचे. एकोणिसाव्या शतकाचा शेवटचा चरण म्हणणे सुरक्षित.

पितळी पट्टीवर खाच पाडून तिच्यावर एका टोकाला रिबेटने ठोकलेली पातळ पितळी जीभ म्हणजे सूर. तिचे मोकळे टोक पट्टीपासून किंचित उचललेले असते. ही उठण जास्त असली की वारा खाचेतून वाया जातो आणि सूर फुसफुसत उशिरा बोलतो. कमी असली तर हळू भात्यावर ठीक वाजतो, पण भाता जोरात पडताच गुदमरतो. मधल्या सप्तकात टोकाशी साधारण जिभेच्या जाडीएवढी उठण पुरते, खर्जाला थोडी जास्त लागते. डबलबारीत (दोन भजनी बुवांच्या सामन्यात) आवाज चढवण्यासाठी भाता दडपून मारतात. त्याने दबका सूर उघडत नाहीच, उलट खर्जाचे सूर किंचित उतरतात.

दोष बहुतेक वेळा जिभेत नसून वाऱ्याच्या गळतीत असतो. सर्व खुंट्या (जिभांच्या ओळींकडे वारा सोडणाऱ्या दांड्या) बंद करून भाता भरावा. तरी तो लवकर बसला तर भात्याचे कातडे किंवा सांधे फुटलेले आहेत. खुंट्या उघडून, बोटांनी वाजवायची पट्टी न दाबता भाता बसला तर पट्ट्यांखालची चामडी झाकणे नीट टेकत नाहीत. एकच पट्टी खर्ज, नर, मादी (खालच्या, मधल्या व वरच्या सप्तकाच्या जिभांच्या ओळी) तिन्हींवर दबकी असेल तर तिचे झाकण पुरते उचलत नाही. एका खुंटीवरचे सगळेच सूर दबके असतील तर त्या खुंटीचा पडदा अर्धवट उघडतो. एकाच ओळीतला एकच सूर दबका असला, तरच जिभेकडे वळावे. एकाच सप्तकातल्या दोन ओळींची जोडी जुळलेली नसली तरीही सूर दबका भासतो: एक ४४० व दुसरा ४४१ कंपनांचा असेल, तर आवाज दर सेकंदाला एकदा फुगतो व बसतो.

जिभेखाली कोऱ्या कागदाची पातळ चिठी सरकवून ती रिबेटकडून टोकाकडे ओढली की बहुतेक धूळ निघते. करकर मग टिकली तर रिबेट ढिला आहे किंवा जीभ खाचेच्या काठाला लागते. उठण बदलायची तर पातळ पात्याने, मुळापाशी, केसभर; एकदम वाकवलेल्या जिभेला चीर जाते व सूर दिवसेंदिवस उतरत राहतो. टोकाला खरवडल्यास सूर चढतो, मुळाशी खरवडल्यास उतरतो. घासताना पितळ तापते, म्हणून थंड झाल्यावरच ताडून पाहावे.

खाऱ्या दमट हवेत पितळेवर हिरवट कीट चढते, लाकूड फुगून पट्ट्या अडकतात आणि चामडे कडक होते. उन्हाळ्यात तेच लाकूड आकसून सूरफळीखालून (जिभा बसवलेल्या फळीखालून) वारा सुटतो. पावसाळ्यात केलेली जुळणी म्हणूनच मे महिन्यात पुन्हा तपासावी लागते. खोबरेल किंवा मशीनचे तेल जिभेला कधीच लावू नये. त्यावर धूळ चिकटून सूर कायमचा बसतो. पेटी सारवलेल्या जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावी, आत सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात, आणि न वाजणाऱ्या महिन्यांतही आठवड्यातून एकदा भाता चालवावा. झुरळे चामडे कुरतडतात, हे पेटीवाल्यांचे गाऱ्हाणे खोटे नाही.

दशावतारात पायपेटी वाजते. पायपेटी म्हणून ओळखली जाणारी काही वाद्ये वारा आत ओढणारी, म्हणजे खरे तर ऑर्गनच्या जातीची असतात. त्यांत जीभ लाकडी खणात बसते व ती आकड्याने ओढून काढावी लागते. गळती शोधण्याची पद्धत मात्र तीच.