दादरचा एक नंबर कुठला?

'दादरला एक नंबरवर भेटू' असं ठरवायचं आणि दोघांनी दोन वेगळ्या प्लॅटफॉर्मवर ताटकळत उभं राहायचं, हे मुंबईकरांनी वर्षानुवर्षं केलंय. एक नंबर पश्चिम रेल्वेचाही होता, मध्य रेल्वेचाही. डिसेंबर 2023मध्ये रेल्वेने सलग क्रमांक दिले: पश्चिमचे 1 ते 7 तसेच राहिले आणि मध्यचे 8 ते 14 झाले. तोवर कुणाचं फारसं अडलं नाही, कारण आपण शेजारच्याला विचारून मोकळे होतो, "काका, कल्याण फास्ट इथेच लागते ना?"

एआय एजंटला, म्हणजे आपल्या वतीने ब्राउझर चालवून कामं करणाऱ्या एआय प्रोग्रॅमला, असे काका नसतात. त्याला जे लिहून दिलंय तेवढंच त्याच्या हाती.

माणसाऐवजी प्रोग्रॅमने ब्राउझर चालवायचा, हा प्रकार तसा जुना. सेलेनियम हे टूल जेसन हगिन्स यांनी 2004मध्ये शिकागोत सुरू केलं. (मर्क्युरी नावाची कंपनी तेव्हा याच धंद्यात होती, पाऱ्यावर उतारा सेलेनियमचा, म्हणून हे नाव!) मग 2017मध्ये गूगलचं पपेटियर आलं, 2020मध्ये मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट. या सगळ्यांचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे टूल कसं वापरायचं याची लेखी माहिती, प्रोग्रॅमरसाठी लिहिलेलं. प्रोग्रॅमर ते अर्धवट वाचतो, करून बघतो, फसतो, बाजूच्या टेबलावर विचारतो.

आता वाचणारा बदललाय. नोव्हेंबर 2024मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला, म्हणजे एजंटमागच्या एआय मॉडेलला टूल्स जोडून द्यायची एक ठरावीक पद्धत. त्यात मॉडेलला टूलबद्दल मुख्यतः तीन गोष्टी कळतात: टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि कुठली माहिती कशी द्यायची याचा साचा. एवढ्यावर त्याने ठरवायचं.

घरी चाचणीसाठी मी एक खोटं पेज बनवलं होतं, सोसायटीचा हॉल बुक करायचं. एजंटला दिलेल्या माझ्या टूलचं वर्णन होतं: 'क्लिक – एलिमेंटवर क्लिक करते.' (एलिमेंट म्हणजे पेजवरचं बटण, चौकट असं काहीही.) एजंटने 'बुक करा' दाबलं. टूलने सांगितलं, 'झालं'. पेज मात्र दोन-तीन सेकंद हललंच नाही. एजंटला वाटलं, दाबलंच गेलं नाही. त्याने पुन्हा दाबलं. एकाच संध्याकाळी, एकाच हॉलमध्ये, एकाच मुलीचे दोन साखरपुडे! तासभर मी मॉडेलला नावं ठेवली. मग स्वतःची ती एक ओळ परत वाचली.

नवीन वर्णन असं लिहिलं: 'दिलेल्या एलिमेंटवर एकदा क्लिक करते. "झालं" म्हणजे क्लिक पोचलं, एवढंच. पेज बदललं असं नाही. क्लिकनंतर नवा स्नॅपशॉट घ्या. पैसे भरणं, बुक करणं, पाठवणं अशा बटणांवर तो बघितल्याशिवाय दुसऱ्यांदा क्लिक करू नका.' त्यानंतर माझ्या पेजवर दुसरा साखरपुडा झाला नाही. (दुहेरी बुकिंग सर्व्हरनेही अडवायला हवं होतं, हे मान्य. पण तो सर्व्हरही माझाच.)

हा स्नॅपशॉट म्हणजे बहुतेक वेळा फोटो नसतो. अंध व्यक्ती वापरतात त्या स्क्रीन रीडरसाठी ब्राउझर पेजचा एक सांगाडा तयार ठेवतो: हे शीर्षक, हे बटण, ही रिकामी चौकट. प्लेराइटचं एजंटसाठीचं टूल तोच सांगाडा मजकूर म्हणून देतं. त्यात 'बटण "बुक करा", ई12' अशी ओळ असते आणि एजंट म्हणतो, ई12वर क्लिक कर. बटणावर नुसतं भिंगाचं चित्र असेल आणि नाव दिलेलंच नसेल, तर स्क्रीन रीडर फक्त 'बटण' म्हणतो. एजंटलाही तेवढंच कळतं. आजवर अंध वापरकर्त्यांच्या तक्रारी कानाआड करणाऱ्यांना आता एजंटसाठी का होईना, बटणांना नावं द्यावी लागतायत, याची मला थोडी चीडच येते.

ई12 मात्र त्या स्नॅपशॉटपुरताच खरा. पेज बदललं की तो नंबर जुना होतो. तेव्हा टूलने नुसतं 'एलिमेंट सापडलं नाही' म्हटलं, तर एजंट तेच पुन्हा करत बसतो. 'ई12 जुन्या स्नॅपशॉटमधला आहे, नवा घ्या' असं म्हटलं, तर पुढची पायरी कळते. एररचा मजकूर हेही डॉक्युमेंटेशनच, आणि ते नेमकं गरजेच्या वेळी वाचलं जातं.

म्हणून पानंच्या पानं लिहावीत असंही नाही. सगळ्या टूल्सची वर्णनं मॉडेलच्या संदर्भात, म्हणजे ते एका वेळी जेवढा मजकूर समोर ठेवू शकतं त्यात, जागा अडवतात, तीही बहुधा प्रत्येक फेरीला.

माझ्या यादीत अजून 'टाइप' आणि 'भरा' अशी दोन टूल्स आहेत. पहिलं एकेक कळ दाबतं, दुसरं सगळा मजकूर एकदम चौकटीत टाकतं. काही पेजेस कळ दाबल्याशिवाय सुचवण्यांची यादी उघडतच नाहीत. तिथे 'भरा' वापरून एजंट यादीची वाट बघत बसतो. दोन्ही वर्णनांत मी लिहिलंय, 'चौकटीत मजकूर लिहिते.' आज नावांपासून सुरुवात केलीय: 'एकेक कळ दाबा' आणि 'एकदम भरा'.