प्रतिपालकांचे कायदेशीर पालकत्व (खानदेश)

आईवडील हयात नसताना किंवा त्यांच्या दीर्घ गैरहजेरीत मूल सांभाळणाऱ्या व्यक्तीने, त्या अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलाच्या शरीराचे (म्हणजे ताबा व संगोपनाचे) किंवा मिळकतीचे किंवा दोन्हींचे पालक म्हणून न्यायालयाकडून नेमणूक करून घेण्याची रीत. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, असे प्रतिपालक बहुधा नात्यातलेच असतात : आजी-आजोबा, मामा, मावशी, फुई (आत्या), क्वचित थोरला भाऊ. शासनाने निवडलेल्या परक्या कुटुंबात मूल ठेवण्याचा प्रकार त्यामानाने अलीकडचा व विरळ आहे.

इतिहास : या रीतीचा प्रारंभ सामान्यतः पालक व पाल्य अधिनियम, 1890 पासून धरतात. मुंबई इलाख्यापुरते मात्र हे पुरेसे अचूक नाही. इलाख्यात 1864 चा विसावा अधिनियम आधीच लागू होता आणि अज्ञानाच्या मिळकतीची व्यवस्था पाहू इच्छिणाऱ्यास दिवाणी न्यायालयाकडून प्रमाणपत्र मिळवण्याची सोय त्यात होती. खानदेश 1818 पासून ब्रिटिश अंमलाखाली व धुळे हे जिल्ह्याचे ठाणे, तेव्हा इथला आरंभ 1864 च्या सुमारास मानणे अधिक सयुक्तिक दिसते. मात्र 1864 च्या अधिनियमाचे लक्ष मुलापेक्षा मिळकतीवर अधिक होते, आणि त्या वळणाची छाया आजच्या अर्जांवरही आहे. सातपुड्यातील मेवासी संस्थाने (भिल्ल सरदारांच्या लहान जहागिरी) 1874 च्या अनुसूचित जिल्हे अधिनियमाखाली आल्याने तेथे सामान्य न्यायव्यवस्थेचा शिरकाव उशिरा झाला. अक्कलकुवा-अक्राणी भागात मुलाची जबाबदारी भाऊबंद व जातपंच ठरवीत. 1906 मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम खानदेश असे भाग पडले. 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला.

लागू कायदे : हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 हा खानदेशाचे वर्णन करताना सरसकट उद्धृत केला जातो, परंतु त्यातील एक अपवाद या प्रदेशात फार महत्त्वाचा आहे. केंद्र शासनाने अधिसूचनेने तसे ठरवल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. 1956 च्या दत्तक कायद्याचेही तेच. परिणामी भिल्ल, पावरा, कोकणा, मावची कुटुंबांतील मुलांसाठी 1890 चा अधिनियम व जमातीची रूढी एवढेच आधार उरतात. यावल, रावेर, चोपडा तालुक्यांतील तडवी भिल्ल हे अनुसूचित जमातीचे, पण धर्माने मुस्लिम. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात दत्तक नसल्याने त्यांच्या बाबतीत पालकत्वाच्या आदेशाला विशेष वजन येते. बाल न्याय कायद्याखालील दत्तकाचा मार्ग कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस खुला असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले आहे. तो स्वीकारणे ऐच्छिक आहे.

समितीचा आदेश व न्यायालयाचा आदेश : हा या विषयातील सर्वांत वादाचा भाग होय. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 नुसार जिल्ह्याची बाल कल्याण समिती मूल प्रतिपालक कुटुंबाकडे सोपवू शकते (कलम 44). त्याच अधिनियमाच्या व्याख्येत, मुलाचा प्रत्यक्ष ताबा असलेली व समितीने मान्य केलेली व्यक्तीही ‘पालक’ ठरते. यावरून एक मत असे की समितीचा आदेश हाती असताना न्यायालयात जाण्याचे कारण नाही. परंतु ही मान्यता ‘कार्यवाहीच्या ओघात’ दिलेली असते, ती समिती बदलू शकते, आणि तिच्यातून मिळकतीचा कोणताही अधिकार निर्माण होत नाही. शाळा-दवाखान्यापुरते समितीचे पत्र चालते. वारसाहक्काची रक्कम, विम्याचा दावा किंवा जमीन यांचा प्रश्न आला की अडते. म्हणून दोन आदेश परस्परपूरक मानणारे दुसरे मत अधिक ग्राह्य आहे.

सात-बाऱ्यावरील नोंदीबाबतही असाच गैरसमज आढळतो. बाप वारल्यावर वारसनोंद होते तेव्हा अज्ञान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) म्हणून आजीचे किंवा काकाचे नाव लागते. ही महसुली नोंद आहे, नेमणूक नव्हे. तिच्या बळावर शेत विकता किंवा गहाण टाकता येत नाही. न्यायालयाने नेमलेल्या पालकालाही विक्री, गहाण किंवा पाच वर्षांपेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा यांसाठी न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते (1890 च्या अधिनियमाचे कलम 29). आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाणार असेल तर महसूल संहितेखालील मंजुरी वेगळीच. वनहक्क कायदा, 2006 खाली मिळालेला पट्टा वारसाकडे जातो, पण तो हस्तांतरित होत नाही.

आईबाप हयात असताना : 1890 च्या अधिनियमाच्या कलम 19 नुसार बाप किंवा आई हयात असून न्यायालयाच्या मते अपात्र नसेल, तर शरीराचा दुसरा पालक नेमता येत नाही (आईचा समावेश 2010 च्या दुरुस्तीने झाला). खानदेशातील बरीच प्रकरणे नेमकी येथेच अडतात. दिवाळीनंतर उचल घेऊन गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणारे आईबाप मूल आजीकडे ठेवतात. ते अपात्र नसतात, केवळ दूर असतात. दुसरे लग्न करून निघून गेलेला किंवा वर्षानुवर्षे पत्ता नसलेला बाप ही गोष्ट निराळी. तेथे अपात्रता पुराव्याने दाखवावी लागते, आणि सात वर्षे ठावठिकाणा नसल्यास मृत्यूचे अनुमान पुढे करता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये, आईच्या मृत्यूप्रकरणी आरोपी असलेल्या बापाऐवजी आजोळच्या आजी-आजोबांकडे ताबा ठेवला व मुलाची इच्छा विचारात घेतली. उलट 2019 मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात, आईच्या निधनानंतर मावश्यांनी सांभाळलेले मूल बापाकडे देण्यात आले. मावश्यांच्या ताब्याला कायद्याचा आधार नाही, हे त्या निर्णयात निर्णायक ठरले. वेळीच आदेश न घेता केवळ मायेच्या बळावर मूल वाढवणाऱ्यांची बाजू किती दुबळी राहते हे यावरून ध्यानात येते.

अर्जाची पद्धत : मूल सामान्यतः जेथे राहते तेथील जिल्हा न्यायालयात, अथवा कौटुंबिक न्यायालय असल्यास तेथे, अर्ज करतात. आईवडील व मुलाचा ताबा असणारी व्यक्ती यांना नोटीस निघते. मुलाचे वय, लिंग, धर्म, अर्जदाराचे चारित्र्य व ऐपत, नात्याची जवळीक आणि मृत आईवडिलांची इच्छा पाहिली जाते. समज आलेल्या मुलाचे म्हणणे ऐकले जाते. मिळकतीच्या पालकाकडून जामीनपत्र व सहा महिन्यांच्या आत मिळकतीची यादी मागता येते. महिला, मुले व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि आजीने अर्ज करताना ही सोय अवश्य वापरावी.

अर्थसाहाय्य : राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दरमहा 2,250 रुपये, तर केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये 4,000 रुपये मिळतात. कोविडने दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे 2021 मध्ये राज्याने पाच लाखांची मुदत ठेव जाहीर केली. अशा रकमांमुळे मुलावर हक्क सांगणारे नातेवाईक अचानक वाढतात. समितीने गृहचौकशी काटेकोर करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

दत्तकाशी तुलना : प्रतिपालनाविषयीच्या 2024 च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार, दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त झालेले मूल प्रतिपालक कुटुंबास दोन वर्षांनी (पूर्वी पाच) दत्तक घेता येते. पालकत्वाने मात्र मुलाचे आडनाव, जात-जमात व जन्मकुटुंबातील वारसा यांत बदल होत नाही. ज्या मुलाची जमीन व भाऊबंद गावातच आहेत त्याच्यासाठी हा मार्ग अधिक हितावह होय.

पालकत्व मूल अठरा वर्षांचे झाल्यावर संपते. न्यायालयाने पालक नेमलेला असल्यास पूर्वी सज्ञानतेचे वय एकवीस होते, ते 1999 च्या दुरुस्तीने अठरावर आले. त्या वेळी पालकाने मिळकत व हिशेब सुपूर्द करावयाचे असतात, आणि तलाठ्याकडे अर्ज करून सात-बाऱ्यावरील अ.पा.क. शेरा कमी करून घ्यावयाचा असतो.