शंभर युनिटांचा शोध, एका युनिटाची यादी: यूट्यूबचा डेटा नो-कोड वर्कफ्लोत कसा आला

इंदूरच्या रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, राजवाड्यापर्यंत पोहोचते न पोहोचते तोच तिचे व्हिडिओ यूट्यूबवर चढायला लागतात. सराफ्यातल्या रात्रीच्या खाण्याचे व्लॉग, छप्पन दुकानचे शॉर्ट्स, अनंत चतुर्दशीच्या झाँक्या, मराठी मंडळांची गणेशोत्सवातली व्याख्यानं अशी इंदूरची भर वर्षभर चालूच असते. इव्हेंटवाले, हॉटेलवाले, मंडळाचे कार्यवाह यांना त्यातून हवं असतं ते थोडकंच: ठरावीक चाळीस चॅनेलांवर नवं काय आलं, किती जणांनी पाहिलं, आणि ते रोज सकाळी गुगल शीटमध्ये आपोआप भरलेलं. प्रोग्रामर न ठेवता हे जमतं. मात्र ज्या रीतीने जमतं, ती कोणी बसून आखलेली नाही. यूट्यूबने वेळोवेळी एकेक सोय आखडती घेतली आणि प्रत्येक वेळी वर्कफ्लोत, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळीत, एक नवं वळण आलं. त्यामुळे तयार टेम्प्लेट उचलून चालवणाऱ्याला त्यातली निम्मी खटपट विनाकारण वाटते.

यूट्यूब २००५ मध्ये सुरू झालं आणि २००६ मध्ये गुगलने ते १६५ कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. त्या काळात आकडे गोळा करायचे तर आरएसएस फीड, म्हणजे नवं काय आलं याची यंत्राला वाचता येणारी यादी, हाच सोपा मार्ग होता. फेब्रुवारी २००७ मध्ये याहू पाइप्स आलं. पडद्यावर चौकोन मांडायचे, रेघा ओढून ते जोडायचे आणि फीड गाळून दुसरीकडे न्यायचं. आज मेक किंवा एन-एट-एन या नो-कोड साधनांच्या कॅनव्हासवर जे दिसतं, त्याचा साचा तिथलाच. पाइप्स सप्टेंबर २०१५ मध्ये बंद झालं.

चॅनेलची आरएसएस फीड मात्र अजून चालू आहे आणि तिचा उपयोग फार कमी लोक करतात. तिला ना की (परवानगीचा सांकेतिक शब्द) लागते, ना कोटा (रोजच्या वापराची मर्यादा). चॅनेलची आयडी घातली की शेवटचे १५ व्हिडिओ, त्यांची शीर्षकं आणि प्रकाशनाची वेळ मिळते. दिवसाला दोन-तीन व्हिडिओ टाकणाऱ्या चॅनेलसाठी एवढं पुरतं. गेरीच्या दिवशी वीस-पंचवीस क्लिपा टाकणाऱ्या वृत्तचॅनेलसाठी पुरत नाही: फीड दिवसातून एकदाच वाचली, तर १५ च्या पलीकडचे व्हिडिओ आले आणि गेले, कळतसुद्धा नाही. अशा चॅनेलांची फीड दर तासाला वाचावी. पुश पद्धतीची सूचनाही मिळते, म्हणजे व्हिडिओ आला की यूट्यूबच तुमच्या वेबहुकला (सूचना घेणाऱ्या वेब पत्त्याला) कळवतं. पण त्या सूचनेची नोंदणी काही दिवसांनी आपोआप संपते आणि ती नव्याने करणारा वेगळा वर्कफ्लो नसेल, तर पहिल्या आठवड्यात सगळं सुरळीत आणि नंतर शांतता.

अधिकृत एपीआयची, म्हणजे प्रोग्रामने यूट्यूबचा डेटा मागवायच्या सोयीची, जुनी दुसरी आवृत्ती २०१५ मध्ये बंद झाली. जुन्या टीव्हींवरचं यूट्यूब तेव्हा एकाएकी चालेनासं झालं ते त्यामुळेच. तिच्या जागी आलेल्या तिसऱ्या आवृत्तीवर आजचं सगळं उभं आहे. या आवृत्तीत प्रत्येक विनंतीला युनिटांमध्ये किंमत आहे. सुरुवातीला गुगलकडे नोंदवलेल्या प्रत्येक प्रोजेक्टला दिवसाला ५ कोटी युनिट मिळायचे, तेव्हा हिशेब ठेवायची गरजच नव्हती. पुढे नव्या प्रोजेक्टांसाठी ते १० लाखांवर आले आणि त्यानंतर १० हजारांवर. सध्याच्या प्रत्येक वर्कफ्लोची ठेवण या १० हजारांनी ठरवली आहे.

हिशेब करून पाहावा. शोधाची एक विनंती १०० युनिट खाते. प्लेलिस्टमधल्या व्हिडिओंची यादी १ युनिटात मिळते, व्हिडिओंची आकडेवारी १ युनिटात, आणि आकडेवारीच्या एका विनंतीत ५० आयडी बसतात. चाळीस चॅनेलांवर दर तासाला शोध लावला, तर एका फेरीला ४,००० युनिट जातात. तिसऱ्या फेरीच्या मध्यातच १० हजार संपतात आणि पुढे प्रत्येक विनंतीला ४०३ क्रमांकाची त्रुटी येते. हेच काम यादीने केलं, तर चाळीस चॅनेल गुणिले चोवीस तास म्हणजे ९६० युनिट. वर २,००० व्हिडिओंचे आकडे दिवसातून चारदा ताजे करायला १६०. एकूण १,१२०, म्हणजे कोट्याचा नववा हिस्सा. त्यासाठी प्रत्येक चॅनेलच्या ‘अपलोड्स’ प्लेलिस्टची आयडी एकदाच काढून शीटमध्ये ठेवायची. ती चॅनेलच्या तपशिलात मिळते. चॅनेलच्या आयडीतलं ‘यूसी’ बदलून ‘यूयू’ केलं तरी बहुधा तीच येते, पण ही युक्ती दस्तऐवजात नाही, म्हणून पहिल्यांदा तरी तपशिलातूनच घ्यावी.

हा कोटा नर्मदेच्या नळासारखा आहे: वेळ ठरलेली, आणि त्या वेळेला आधी टाकी भरायची, अंगण नंतर धुवायचं. नवा कोटा कॅलिफोर्नियातल्या मध्यरात्री सुरू होतो. इंदुरात तेव्हा उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेले असतात. अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलतं, त्यामुळे रंगपंचमीला बहुधा साडेबाराच. गेरीचे व्हिडिओ दुपारनंतर दाटून येतात, तेव्हा हे सोयीचंच पडतं. शब्द टाकून करायचा शोध पूर्ण टाळता येत नाही, कारण यादीबाहेरची नवी चॅनेलं त्यातूनच सापडतात. तो दिवसातून एकदा, साडेबारानंतर, आकडेवारीचं काम उरकल्यावर लावावा. शोधशब्द ‘इंदूर’ आणि ‘इंदौर’ असे दोन्ही द्यावेत, म्हणजे दोनशे युनिट बाजूला ठेवावेत. शोधासोबत येणारी ‘एकूण निकाल’ ही संख्या अंदाजे असते. ती अहवालात छापू नये.

साधनांचा इतिहास थोडक्यात उरकतो. इफ्टी २०११ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, झेपियरची सुरुवातही त्याच वर्षीची, प्रागच्या इंटिग्रोमॅटचं २०२२ मध्ये ‘मेक’ झालं आणि बर्लिनचं एन-एट-एन २०१९ मध्ये आलं. फरक पडतो तो बिलाच्या पद्धतीने. झेपियर प्रत्येक कृती मोजतं आणि मेकमध्ये प्रत्येक नोंदीवर चाललेलं प्रत्येक मॉड्यूल (कॅनव्हासवरचा एक चौकोन) मोजलं जातं. २,००० व्हिडिओ एकेक करून शीटमध्ये लिहिले, तर एका फेरीतच २,००० मोजणीत येतात. एन-एट-एनच्या क्लाउडवर अख्खी फेरी एकच धरतात, आणि स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं तर तेवढीही मोजणी नाही. यूट्यूबची आकडेवारी गोळा करणारे या साधनाकडे वळले, त्याचं मोठं कारण हेच.

स्वतःच्या सर्व्हरवर बसवताना वेळेची एक खोच आहे. एन-एट-एनचा मूळ टाइमझोन न्यूयॉर्कचा असतो. सकाळी नऊला लावलेला ट्रिगर उन्हाळ्यात इंदूरच्या संध्याकाळी साडेसहाला वाजतो. टाइमझोन पहिल्याच दिवशी ‘आशिया/कोलकाता’ करावा. शिवाय एपीआय प्रकाशनाची वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, देते. सराफा उठल्यावर रात्री दोनला चढवलेला व्हिडिओ आदल्या दिवसाच्या तारखेत जमा होतो, आणि पहाटे साडेपाचपर्यंतच्या सगळ्यांची हीच गत. साडेपाच तास मिळवून मगच तारीख कापावी, नाहीतर शनिवारच्या रात्रीची गर्दी अहवालात नेहमी शनिवारीच दिसते, रविवारी कधीच नाही.

सर्वांत जास्त वेळ खाणारे दोष मात्र त्रुटी न दाखवता होतात. पहिला पन्नासच्या गठ्ठ्यातला. पन्नास आयडी पाठवल्या आणि त्यातला एक व्हिडिओ दरम्यान डिलीट झाला किंवा खासगी केला, तर एपीआय तक्रार करत नाही. ती गुपचूप ४९ नोंदी परत देते. वर्कफ्लोत जुनी यादी आणि नवे आकडे क्रमांकाने जोडलेले असतील, तर हरवलेल्या जागेपासून पुढचा प्रत्येक आकडा एक ओळ वर सरकतो. पोहे-जिलबीच्या व्हिडिओसमोर व्याख्यानाचे व्ह्यू बसतात. वर्कफ्लो हिरवाच दिसतो, कारण त्याच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नसतं. जोडणी नेहमी आयडीनेच करावी, आणि परत न आलेल्या आयडी ‘हरवले’ म्हणून वेगळ्या लिहाव्यात.

दुसरा दोष शीटमधला. व्हिडिओची आयडी ११ चिन्हांची असते आणि त्यात इंग्रजी अक्षरं व अंकांबरोबर हायफन आणि अंडरस्कोरही येतात. चिन्हं ६४, म्हणजे सरासरी दर ६४ आयडींमागे एखादी हायफनने सुरू होणार. शीटला ते सूत्र वाटतं आणि सेलमध्ये आयडीच्या जागी त्रुटीचा संदेश बसतो. पुढच्या फेरीत वर्कफ्लो ती आयडी शोधतो, त्याला सापडत नाही, म्हणून तो व्हिडिओ नवीन ओळीत घालतो. महिनाभराने त्या एकाच व्हिडिओच्या तीस ओळी झालेल्या असतात. उपाय म्हणून शीट नोडमध्ये (शीटमध्ये लिहिणाऱ्या चौकोनात) मजकूर जसाच्या तसा लिहायचं सेटिंग निवडलं की दुसरीकडे फट पडते. एपीआय व्ह्यूंची संख्याही मजकूर म्हणूनच पाठवते, आणि तो तसाच शीटमध्ये गेला तर बेरीज शून्य येते. म्हणून शीटकडे पाठवण्याआधीच व्ह्यू, लाइक आणि कॉमेंटचे आकडे संख्येत बदलून घ्यावेत. लाइक लपवलेल्या व्हिडिओत तो रकानाच येत नाही, तिथे शून्य न भरता रिकामं ठेवावं.

आणि परवानगीची बाब. सार्वजनिक आकड्यांना एपीआय की पुरते. पण तयार यूट्यूब नोड ओऑथ (गुगल खात्यातून द्यायची परवानगी) मागतो, आणि गुगलच्या कन्सोलमध्ये अ‍ॅप ‘टेस्टिंग’ स्थितीत राहिलं तर त्याची परवानगी सात दिवसांनी मरते. दर आठवड्याला वर्कफ्लो बंद पडत असेल, तर आधी हेच पाहावं. साधा एचटीटीपी रिक्वेस्ट नोड आणि की वापरली की हा प्रश्नच येत नाही.

काही आकडे तर कोणत्याही वर्कफ्लोला आता मिळत नाहीत. सप्टेंबर २०१९ पासून सबस्क्रायबरांची संख्या पहिल्या तीन अंकांपर्यंतच येते. १ लाख २३ हजार ९९९ असले तरी १ लाख २३ हजारच दिसणार, त्यामुळे मोठ्या चॅनेलची रोजची वाढ मोजण्यात अर्थ राहिलेला नाही. डिसलाइकचे आकडे डिसेंबर २०२१ मध्ये एपीआयमधून गेले. ‘संबंधित व्हिडिओ’ शोधायची सोय ऑगस्ट २०२३ मध्ये काढली. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सचा व्ह्यू व्हिडिओ सुरू होताच मोजला जातो, किती वेळ पाहिला हे न बघता. त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे शॉर्ट्सचे आकडे एका आलेखात जोडले, तर छप्पन दुकान अचानक लोकप्रिय झाल्यासारखं वाटेल. शॉर्ट ओळखायला एपीआयमध्ये खूणही नाही. पूर्वी साठ सेकंदांच्या आतला तो शॉर्ट असा अंदाज चालायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मर्यादा तीन मिनिटांवर गेली आणि तोही मोडला.

अलीकडची मागणी आहे ती मजकुराची: व्हिडिओतलं बोलणं काढायचं आणि एआयकडून सारांश करून घ्यायचा. एपीआयमधून कॅप्शन उतरवता येतात, पण ज्याला तो व्हिडिओ संपादित करायचा अधिकार आहे त्यालाच. मंडळाला स्वतःच्या व्याख्यानांची कॅप्शन मिळतील, दुसऱ्याची नाहीत. बाजारात तयार स्क्रेपर (वेब पानांवरून मजकूर खणणारी साधनं) मिळतात आणि ते एका नोडने जोडताही येतात. पण परवानगीशिवाय असं आपोआप खणणं यूट्यूबच्या अटींमध्ये बसत नाही. शिवाय भाड्याच्या सर्व्हरच्या आयपीला यूट्यूब ‘तुम्ही बॉट नाही हे सिद्ध करा’ म्हणून अडवतं, त्यामुळे आज चाललेलं उद्या चालेल याचा भरवसा नसतो. कोटा वाढवून घ्यायला पाच-सहा प्रोजेक्ट उघडून कामं वाटणं हेही नियमात नाही. त्यासाठी ऑडिटचा अर्ज आहे, तोच भरावा.

आणखी एक अट टेम्प्लेटांमध्ये सहसा पाळलेली दिसत नाही. दुसऱ्यांच्या चॅनेलांचा एपीआयमधून आलेला डेटा ३० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही. त्याआधी तो ताजा करायचा किंवा पुसायचा. म्हणून चॅनेलांची यादी एका टॅबमध्ये आणि आकडे दुसऱ्यात ठेवावेत, आणि आकड्यांच्या टॅबमध्ये ‘कधी आणलं’ हा रकाना असावा. रात्रीच्या एका छोट्या वर्कफ्लोने ३० दिवसांवरच्या ओळी काढून टाकायच्या. तो लिहिताना ओळी खालून वर पुसाव्यात. वरून पुसल्या तर खालच्या ओळींचे क्रमांक बदलतात आणि भलतीच ओळ जाते.