हा आज तुटला नाही

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांची घाई असते. अशात पिंपळगाव बसवंतचे एक बागायतदार नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यावर आले. हातात फवारणीच्या ब्लोअरचा तुटलेला शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा. "सकाळपर्यंत चांगला चालत होता, मिस्तरी. एकाएकी गेला." ते दोन्ही तुकडे एकमेकांना लावून दाखवायला लागले, तसा मिस्तरींनी त्यांचा हात धरला. "घासू नका. सगळं पुसलं जाईल." मग एक तुकडा उजेडाकडे तिरका धरून म्हणाले, "दादा, हा आज तुटला नाही. कधीचा तुटत होता."

तुटलेल्या तोंडावर दोन भाग स्पष्ट होते. चावीच्या (शाफ्टवर चाक घट्ट धरणाऱ्या पट्टीच्या) खाचेच्या कोपऱ्यातून निघालेला मोठा भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा एकामागे एक कमानी. उरलेला भाग खडीसाखर फोडल्यासारखा खरखरीत. कमानी म्हणजे भेग थांबत थांबत पुढे सरकल्याच्या खुणा. खरखरीत भाग तेवढा शेवटच्या दणक्यात तुटलेला. याला धातूचा थकवा म्हणतात. एका वेळचा ताण काहीच बिघडवत नाही, पण तो हजारो वेळा येत-जात राहिला की खाच, भोक, कोपरा अशा ताण एकवटणाऱ्या जागी भेग धरते.

विमान पडलं की सगळ्यांचं लक्ष ब्लॅक बॉक्सकडे. इंजिन कोणत्या सेकंदाला बंद पडलं, वैमानिक काय बोलले, हे त्यातून कळतं. पण धातूच्या पोटात काय चाललं होतं, ते धातूच सांगतो.

१९ जुलै १९८९. युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-१० डेन्व्हरहून शिकागोला निघालं होतं. वाटेत शेपटीतल्या इंजिनाच्या पंख्याची टायटॅनियमची चकती फुटली. उडालेल्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या आणि विमान वळवायचं साधनच उरलं नाही. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत वैमानिकांनी ते अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ जणांपैकी १८४ वाचले, ११२ गेले.

चकती मात्र सापडेना. आयोवातली ती सगळी मक्याची रानं, आणि जुलैत मका उभा. ऑक्टोबरात कापणी सुरू झाली तेव्हा एका शेतकरी बाईंच्या यंत्राला शेतात काहीतरी जड अडलं. तीच ती चकती, पात्यांच्या बुंध्यांसकट.

प्रयोगशाळेत भेगेचा उगम चकतीच्या मधल्या भोकाशी मिळाला. टायटॅनियम वितळवताना नायट्रोजनमुळे तिथे एक बारीक, कडक आणि ठिसूळ ठिपका राहून गेला होता. सूक्ष्मदर्शकाखाली भेगेवरच्या रेषा मोजल्या, तर त्यांची संख्या चकतीच्या एकूण उड्डाणांशी जवळपास जुळली. साडेपंधरा हजार. म्हणजे भेग जवळजवळ पहिल्या दिवसापासून वाढत होती, सतरा वर्षं.

पुढचं वाचताना माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. आमच्याकडे डीपी टेस्ट (रंगीत द्रावणाने भेग शोधण्याची तपासणी) करतात, तशाच जातीची तपासणी त्या चकतीचीही झाली होती. चमकणारं द्रावण लावायचं, ते भेगेत झिरपतं, मग अतिनील दिव्याखाली भेग उजळते. अपघातापूर्वी ७६० उड्डाणं आधीच्या शेवटच्या तपासणीतलं ते द्रावण त्या भेगेत सापडलं. भेग होती, द्रावण आत गेलं होतं, आणि नजरेतून सुटली.

अशा तपासाचा हेतू शिक्षा देणं नसतो. पुन्हा तसं घडू नये, हा असतो. त्या चकतीनंतर टायटॅनियम वितळवण्यात आणि चकत्या तपासण्यात सुधारणा झाल्या. आज आपण खिडकीशी बसून पंख्याकडे निवांत बघतो, त्यात त्या मक्याच्या रानाचा वाटा आहे.

पिंपळगावच्या दादांना नवा शाफ्ट दुसऱ्या दिवशी दिला. खाचेचा कोपरा मिस्तरींनी या वेळी काटकोनात न ठेवता त्याला गोलाई दिली. जुने दोन तुकडे तेल लावून, वेगवेगळ्या कागदांत गुंडाळून आमच्या कपाटात आहेत. नवीन पोरगा कामाला लागला की मिस्तरी आधी ते काढतात.